मुल्हेर कोणत्या खात्यात येतं, साहेब?

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार वि. वि.

वर खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. गेल्या तीन आठवड्यांत मी ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो, तिथे "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच ऐकलं. मुल्हेरचा गड एका खात्याचा, गडाखालचं जंगल दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचा आणि रस्त्याकडेचं गटार बहुधा देवाचं. तेव्हा ज्यांच्याकडे हे येत असेल, त्यांनी आपलं समजून वाचावं ही नम्र विनंती.

मी मूळचा मुल्हेरचा, तालुका बागलाण, जिल्हा नाशिक. नोकरीपायी तीस वर्षं नाशकात आहे. वडील ऐंशीचे. त्यांनी आयुष्यात कोजागरीची रास चुकवली नाही. माहीत नसेल म्हणून सांगतो, कोजागरीला मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात रासक्रीडा होते. केळीच्या पानांनी, फुलांनी सजवलेलं मोठं लाकडी चक्र खांबावर चढतं, पोरं गोपी होतात आणि पदं रात्रभर चालतात. यंदाही मी वडिलांना घेऊन गेलो. परत निघताना, गाडी दोनशे पावलांवर असताना, त्यांचा पाय गटारात गेला. फरशी नव्हती. दिवा नव्हता. खुब्याचं हाड मोडलं.

दिवा नव्हता हे मी ठासून सांगतो, कारण दिव्याचा खांब होता. मी मोबाइलच्या उजेडात पाहिला. खांबावर रंगही नवा होता.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, ते चालवणारा माणूस रजेवर होता. दुसऱ्या ठिकाणी माणूस होता, हाडाचे डॉक्टर नव्हते. सव्वाशे किलोमीटर, रात्री, पिकअपच्या हौद्यात गादी टाकून आम्ही नाशिक गाठलं. प्रत्येक खड्ड्याला वडील माझं मनगट दाबत होते. सटाण्यापर्यंत मी खड्डे मोजले, एकसष्ट भरले. पुढे मोजणं सोडलं, तेव्हा आकडा कमीच धरा. ऑपरेशनचा खर्च एक लाख सत्तर की ऐंशी हजार, बिलं अजून जुळवतोय.

आता आपल्या आश्वासनाकडे येतो. २०२५ च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात नाशिक जिल्ह्याचा एकच, आमचा साल्हेर. गावात पेढे वाटले, मीही वाटले. मग मंडप पडला, आपल्या वतीने एक साहेब आले आणि म्हणाले, साल्हेरच्या वाटेवरचं मुल्हेर हे प्रवेशद्वार आहे. दिवे, स्वच्छतागृह, माहितीफलक, नदीकाठी पायऱ्या, सगळं कोजागरीच्या आत. टाळ्या मीच आधी वाजवल्या. त्याची शिक्षा वडिलांना झाली, असं माझी बायको म्हणते.

फलक मात्र लागला. त्यावर साहेबांचा फोटो आहे.

प्रवेशद्वार म्हणालात ते खरं आहे, पण ते आपण केलेलं नाही. मोसम नदीच्या काठावर, सह्याद्रीतून गुजरातेत उतरायच्या वाटेवर हे गाव बसलं ते उगाच नाही. सुरतेहून बऱ्हाणपूर-दौलताबादकडे जाणारा माल याच बाजूने यायचा. बागुल राजांनी या काठावर तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं. वर किल्ला, त्याच्या एका अंगाला मोरागड, दुसऱ्या अंगाला हरगड, खाली पेठ. त्यांची चांदीची महमुदी नाणी इथेच पडत. राजवंशावर १५९६ साली एका कवीने संस्कृत महाकाव्य लिहिलं, त्यात गावाचं नाव मयूरगिरी. अबुल फझलने बागलाणची द्राक्षं आणि डाळिंबं नोंदवून ठेवली, साल्हेर-मुल्हेर हे असाधारण बळकट किल्ले म्हणूनही लिहिलं. (आणि नाशिकला द्राक्षाची राजधानी कालपरवा केली, असं फ्लेक्सवर वाचून आम्ही गप्प बसतो.)

१६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण घेतलं आणि मुल्हेरचं नाव बदलून औरंगगड केलं. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज सुरतेची दुसरी मोहीम आटोपून याच भागातून परतले, पुढे वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली. १६७२ च्या फेब्रुवारीत साल्हेरच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगली फौज उघड्या मैदानावर मोडली, सूर्यराव काकडे तिथेच पडले. १८१८ मध्ये मुल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. एवढे सगळे आले साहेब, प्रत्येकाला हे गाव हवं होतं. कारण ते सीमेवर होतं. सीमेवरच्या गावात जकात मिळते, बातमी मिळते, पाणी मिळतं.

आज तेच कारण उलटं झालंय. पत्र लिहिलं की उत्तर येतं, "सीमेवरचं गाव आहे, थोडा विलंब होतो." १ मे १९६० ला शेजारचा डांग गुजरातेत गेला, आम्ही इकडे राहिलो आणि टोकाचं गाव झालो. टोकाला शेवटची एसटी येते. टोकाला बदली म्हणजे शिक्षा. टोकाला निधी पोहोचेस्तोवर मार्च संपतो. पलीकडे सापुतारा पाहा! आमचीच पोरं तिथे हॉटेलात वेटर आहेत आणि मुंबईच्या पाहुण्यांना सांगतात, इथून जवळच एक भारी किल्ला आहे. पाहुणा विचारतो, तिथे टॉयलेट आहे का? संपलं पर्यटन.

किल्ल्याच्या माचीवर तळ्याकाठचं गणेशाचं मंदिर आहे. मोती तलाव आहे. सोमेश्वराचं देऊळ आहे, तिथे भर दुपारी गार वाटतं. हे सगळं एका दिवसात बघून होतं, पण वाट दाखवणारा बाण एकही नाही. मागच्या हिवाळ्यात पुण्याची सहा पोरं रानात चुकली. त्यांना शोधून आणणाऱ्या गुराख्याला आम्ही चहा पाजला. शासनातर्फे तोच सत्कार समजा.

मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती उभी राहिली, तेव्हा बागलाणात मोठी कामं होऊच शकत नाहीत असं कुणी मला सांगू नये. आणि सिंहस्थ येतोय म्हणून नाशकात रोज नवा रस्ता उकरलेला दिसतो. मी रोज त्या धुळीतून कामावर जातो. व्हावा सिंहस्थ, जोरात व्हावा, आमचीही गोदामाई आहे. पण हजारो कोटींच्या त्या आराखड्यात मोसम नदीसाठी एक घाट बसत नाही? एक फरशी? नदी लहान म्हणून तिची पुण्याई लहान काय? हरणबारीच्या धरणात आमच्याच डोंगरातलं पाणी अडवून मालेगावपर्यंत शेतं भिजतात. त्याबद्दल कुणी आभार मानावेत अशीही अपेक्षा नाही.

सटाण्यात एका मामलेदाराचं देऊळ आहे, हे आपल्याला कुणीतरी सांगितलं असेलच. देवमामलेदार यशवंतराव महाराज. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. वरिष्ठांची मंजुरी, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काहीही न घेता. लोक अजून नवस बोलतात, यात्रा भरते. आपल्या खात्यातल्या एका तरी अधिकाऱ्याची यात्रा दीडशे वर्षांनी भरेल का? राहू द्या, मी उगाच तोंड चालवतोय. रात्रभर दवाखान्यात जागलं की असं होतं.

आपल्या मतदारसंघात गटारावर फरशा असतीलच. त्यातली एक पाठवलीत तरी चालेल, भाडं आम्ही देऊ.

मागण्या लिहायच्या असतात म्हणून लिहितो. खांबावर दिवा. गटारावर फरशी. गडाच्या वाटेवर बाण. एक्स-रेच्या मशीनपाशी माणूस. किल्ल्याला रोपवे नको, लेसर शो नको, महाराजांचा आणखी एक फायबरचा पुतळा तर मुळीच नको.

वडील बरे होत आहेत. वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जातात. हे पत्र लिहिताना मी मोठ्याने वाचत होतो, तर आतून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे भाऊ, आठे कोण येस देखाले." आमच्या अहिराणीत आहे, पण आपल्याला कळेल.

आपला,
एक मुल्हेरकर, सध्या मुक्काम नाशिक

ता.क. वडिलांची उजव्या पायातली चप्पल अजून त्या गटारातच आहे. कामाची नेमकी जागा शोधायला आपल्या माणसांना अडचण आली, तर ती खूण धरावी.