वात झालेल्या आजीला आधी तिच्या भाषेत विचारा

मा. संपादक, स. न.

कालच्या आरोग्य पानावर इस्पितळात बडबडू लागलेल्या सगळ्याच वृद्धांना स्मृतिभ्रंश ठरवलेले वाचले आणि राहवले नाही. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने चढतो. काल नातवाला नावाने हाक मारणारी आजी आज पहाटे सलाईन उपटते, तो वात, म्हणजे अचानक उद्भवणारा भ्रम, डॉक्टरांचा डेलिरियम. त्याचे कारण बहुधा लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, बीपीच्या गोळीने उतरलेले सोडियम किंवा झोपेची गोळी यांत सापडते.

मनोविकारतज्ज्ञाला कॉल, म्हणजे रुग्ण पाहायला या अशी चिठ्ठी, जातो तो आरडाओरडा झाल्यावर. तोवर हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाचे ५ मिलिग्रॅमचे अख्खे अँप्यूल आणि जोडीला फेनर्गन हे गुंगी आणणारे ॲलर्जीचे औषध टोचून झालेले असते! वृद्धाला हॅलोपेरिडॉलची ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात, तीही धीर देऊन भागले नाही तरच. कंपवात असेल तर हॅलोपेरिडॉल नकोच. फेनर्गनने लघवी आणखी तुंबते, भ्रम वाढतो. दारू तुटल्याने झालेल्या वाताला मात्र लोराझेपामसारखे औषध लागते, म्हणून शेवटची कधी घेतली ते घरच्यांनी न लाजता सांगावे. गप्प पडून राहणाऱ्याला तर ‘शांत आहे’ म्हणून कोणी विचारतच नाही. त्यालाही वातच असू शकतो.

सर्वांत जास्त चीड येते ती वात ओळखायच्या तपासणीच्या भाषेची. वय, जन्मतारीख, ठिकाण, साल, मग महिने डिसेंबरपासून उलटे, असे प्रश्न असतात. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी आजीला ते कन्नडमधून विचारले की ती गप्प बसते आणि तिच्या नावावर चुका चढतात. जन्मतारीख तर आधार कार्डावर कोणीतरी १ जानेवारी टाकलेली, ती तिला कुठून माहीत असणार? मराठी जाणणारी सिस्टर वॉर्डात असतेच, तिला शेजारी उभी करा. शाळा न शिकलेल्यांना महिन्यांऐवजी वार उलटे विचारा. महाराष्ट्रात मिरजेला दाखल झालेल्या कन्नड अज्जांनाही (आजोबांनाही) हाच न्याय हवा.

कॉलवर ‘रुग्ण गोंधळलेला, पाहावे’ एवढेच लिहू नये. केव्हापासून, आदल्या दिवशी कसा होता, कोणत्या गोळ्या चालू, सोडियम किती, लघवी होते का, ईसीजी काढला का, एवढे तरी लिहावे.

आणि रात्री आठला नातेवाइकांना बाहेर काढणे थांबवा. अंधार पडला की वात वाढतो, आणि तेव्हाच ओळखीचा चेहरा बाहेर, चष्मा आणि कानाचे यंत्र लॉकरमध्ये!

एक वाचक, बेळगाव