बाबा, सही तुमचीच लागेल

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

बाबांच्या मायलोमावर, म्हणजे हाडातल्या मगजात होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरवर, नागपूरला औषधांची ट्रायल म्हणजे चाचणी आहे. तिच्यासाठी मी बाबांचं नाव दिलं आहे. पुढच्या मंगळवारी स्क्रीनिंग, म्हणजे भरतीआधीची तपासणी आहे. दादाला सगळं माहीत आहे, पण तुमच्यापुढे बोलायची त्याची हिंमत होत नाही. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, पाहू" म्हणत फोन आईकडे दिला असता आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून लिहिते. दुपारची जेवणं झाली की दादाकडून वाचून घ्या. एका बैठकीत झालं नाही तर दोन करा.

नाव दिलं म्हणजे भरती झाली असं नाही. कायद्यानं सही बाबांचीच लागते. माझी चालत नाही, दादाची चालत नाही. संमतीपत्र मराठीत मिळेल आणि ते बरंच मोठं असेल. तिथल्या तिथं सही करू नका. घरी नेऊन वाचतो, पोरीला विचारतो, असं सांगितलं तर कोणी रागवत नाही. सही झाली की एक प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. पुढे कधीही नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि नेहमीचा उपचार थांबत नाही. फॉर्मवर शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतील. उत्पन्न विचारलं म्हणजे फी लागणार असं नाही. चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत तो रकानाच ठरलेला आहे. वारस म्हणून आईचं नाव लिहा. आई, तू त्यावरून मनात भलतंसलतं आणू नको. धडधाकट माणसांवर लसीची चाचणी करतात तेव्हाही तो रकाना भरावाच लागतो.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: आपल्या माणसावर प्रयोग कशाला? पुण्यात मी जे करते, ज्याला तुम्ही "फायलींचं काम" म्हणता, ते हेच आहे. त्यामुळे थोडं सविस्तर सांगू द्या. नुसतं पाणी कोणालाच टोचणार नाहीत. डॉक्टरांनी आत्ता लिहून दिलेली तीन औषधं, बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन, दोन्ही गटांना मिळणारच. एका गटाला त्यांच्या जोडीला डॅराटुमुमॅब नावाचं चौथं इंजेक्शन देणार. ते काही कालचं औषध नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये ते मंजूर झालं. 'माया' नावाच्या चाचणीत ७३७ म्हाताऱ्या पेशंटांपैकी निम्म्यांना लेनालिडोमाइड आणि डेक्साच्या जोडीला ते दिलं, तेव्हा त्या गटात आजार जास्त काळ दबून राहिला आणि आयुष्यही वाढलं. आपल्याकडे अडचण किमतीची. ठरलेल्या पद्धतीत पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग सोळा आठवडे पंधरवड्याला, पुढे महिन्याला एक, आणि आजार उचल खाईपर्यंत चालूच ठेवायचं. हे शेतकऱ्याच्या घरानं कसं पेलायचं? म्हणून या चाचणीत पहिल्या आठ आठवड्यांनंतर डोस विरळ करणार आहेत. तेवढ्यानंही गुण येतो का, हे बघायचं आहे.

कोणाला कोणता गट, ते संगणक ठरवतो. डॉक्टरांच्या हातात नसतं, आणि माझी ओळख तर बिलकूल चालत नाही. बाबा, तुम्ही नवं बियाणं करून बघितलं तेव्हा एकाच वावरात अर्ध्यात जुनं आणि अर्ध्यात नवं पेरलं होतं. नवं सगळं नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत टाकलं असतं तर बियाणं चांगलं की जमीन चांगली, हे कळलं असतं का? इथंही तेच. डॉक्टरांनी निवडलं तर तब्येतीनं बरे पेशंट नकळत नव्या औषधाकडे जातात. बाबा जुन्या गटात गेले तर वाईट वाटून घेऊ नका. त्या गटाला मिळतो तो आजचा चालू उपचारच, वर तपासण्या वेळेवर होतात.

"कमी डोस म्हणजे अर्धा इलाज" असं बाबा म्हणणार, मला ऐकू येतंय. याच आजारात डेक्साचं उदाहरण बघा. पूर्वी ४० मिलिग्रॅम डेक्सा महिन्यात बारा दिवस द्यायचे. अमेरिकेत ४४५ पेशंटांचे दोन गट करून एका गटाला ते आठवड्यातून एकच दिवस देऊन पाहिलं. जास्त डोसनं आजार जास्त जणांत खाली आला, पण रक्ताच्या गाठी आणि इन्फेक्शनही वाढले. वर्षाअखेर जास्त डोसच्या गटात ८७ टक्के माणसं जिवंत होती, कमी डोसच्या गटात ९६ टक्के. २०१० मध्ये हे छापून आलं. बोर्टेझोमिबचंही तसंच. ते शिरेतून द्यायचे, मग २२२ पेशंटांत शिरेतून आणि कातडीखाली अशी तुलना झाली. गुण सारखाच आला, पण हातपाय बधिर होण्याचा त्रास ५३ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर उतरला. म्हणून बाबांना पोटावर टोचणार.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर गोड गोड सांगून फसवलं म्हणाल. चाचण्या फसतातही. पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं औषध दुसऱ्या कॅन्सरांत चाललं, पण मायलोमाच्या दोन चाचण्यांत ते घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले आणि जुलै २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या थांबवल्या. ते लक्षात आलं, कारण आकडे मध्येच तपासणारी वेगळी समिती होती. आपल्याकडे त्याशिवाय पेशंटांचे हक्क जपणारी एथिक्स कमिटी असते. तिच्यात कमीत कमी सात जण, निम्मे तरी बाहेरचे, आणि एक साधा माणूस, डॉक्टर नसलेला. तिचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हेही नियमात आहे.

स्क्रीनिंगमध्ये कुठं घोळ होतो ते नीट ऐका. आजपासून मंगळवारपर्यंत गावातली दुखण्याची पुडी बंद. तो बैद कितीही जुना असो. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं रिपोर्ट फिरतात आणि आधी उपचार झाला असं धरून नाव बाद होऊ शकतं. कंबरेतलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही नको, या आजारात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. दुखलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्या. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं नसेल तर.

चोवीस तासांची लघवी द्यावी लागेल. कॅन दादानं आणून ठेवला आहे. सोमवारी सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा. मंगळवारी सकाळी सहाची शेवटची, तीही कॅनमध्ये. मधली एक जरी वाड्याच्या मागे गेली तरी चोवीस तासांचा हिशेब चुकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून सोमवारी वावरात जायचंच नाही. संडासला जायच्या आधी लघवी वेगळी घ्यायची, ते कोणाच्या लक्षात राहत नाही. कॅन गार जागी ठेवा.

हाडातल्या मगजाची तपासणी पुन्हा करतील, याचं मला वाईट वाटतं. कंबरेच्या मागच्या हाडात बधिर करून सुई घालतात. मगज ओढताना काही सेकंद कळ येते, ती बधिर करूनही जात नाही. बाबा, ओरडा खुशाल. पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत ओली होऊ द्यायची नाही.

पहिल्या दोन महिन्यांसाठी हॉस्पिटलजवळ खोली बघितली आहे. तळमजला आहे, पायऱ्या नाहीत, संडास कमोडचा, म्हणजे मणक्याला वाकणं नाही. गॅस आणि मिक्सर आहे. आई, ज्वारीचं पीठ आणि तुरीची डाळ घरूनच ने, तुला तिथली आवडणार नाही. तुळशीला, कोंबड्यांना वहिनी बघेल. डवरणी, निंदण दादा आणि सालदार करतील. बाबांनी फोनवरून हुकूम सोडावेत, पण बंडीत बसायचं नाही. एका हिसक्यानं मणका आणखी दबतो. पोळ्याला घरी यायचंच म्हणाल, मला माहीत आहे. पांढऱ्या पेशी ठीक असल्या तर डॉक्टर सोडतील, नसल्या तर नाही. माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आई अजून फडक्यात गुंडाळून ठेवते ना? तो खोलीवर घेऊन जा. बाबा, या वर्षी त्यालाच ओवाळा.

औषध सुरू झालं की हे पाळायचं, आणि यात वाद घालायचा नाही. डेक्सा घेतलेल्या रात्री झोप येणार नाही, बाबा चिडतील, भाजीला नावं ठेवतील. आई, ती गोळी बोलते, मनावर घेऊ नको. पण साखर रोज तपास. लेनालिडोमाइडची कॅप्सूल उघडायची नाही, अख्खी गिळायची, आणि वहिनीनं पोटुशी असताना तिला हातही लावायचा नाही. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, परत मोजून घेतात. डोस चुकला आणि बारा तास उलटले तर तो सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. ग्रीन टी बंद. त्यातला एक घटक बोर्टेझोमिबला निकामी करतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही बंद, जेवणातलं लिंबू चालेल. नागीण येऊ नये म्हणून दिलेली गोळी सोडायची नाही. एका पायाला सूज आली, किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच चाचणीचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला फोन. दुसरीकडे कुठं भरती करावं लागलं तरी त्याच दिवशी कळवा, त्यांना चोवीस तासांत वर कळवावं लागतं. चौथं इंजेक्शन मिळालं तर आधी रक्तगट नीट काढून त्याचं कार्ड खिशात ठेवा, कारण त्यानंतर रक्तपेढीत रक्त जुळवताना गफलत होते. कोणत्याही दवाखान्यात गेलात तर पहिले ते कार्ड दाखवा.

आणि बाबा, तळपाय बधिर वाटले, चप्पल पायातून निसटलेली कळली नाही, तर सांगा. तुमची अंगावर काढायची सवय इथं चालणार नाही. वेळेवर सांगितलं तर डोस कमी करून भागतं, लपवलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. वावरात अनवाणी नाही.

सोमवारी संध्याकाळी मी नागपूरला पोहोचते. मंगळवारी येताना जुने सगळे रिपोर्ट, एक्स-रे, आधार कार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, कॅन आणि बाबांचा चष्मा आणा. संमतीपत्र ते स्वतः वाचणार आहेत. काही नाही पटलं तर मी तुम्हाला घेऊन परत येईन, खोलीचे पैसे गेले तर जाऊ दे.

तुमची,
बेबी