राजीनामा दिलाय, आधी पुरतं वाचा

ती. आई-बाबांना
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'बरं, ठेव आता' म्हटलं असतं आणि आईने 'जेवलीस का' विचारून विषय मिटवला असता. म्हणून लिहितेय. शाळेचा राजीनामा दिला, त्याला महिना झाला.

मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून काम करतेय. आई, वकिली नाही गं. वकील केस लढतात, मी मुलासोबत असते. गुन्हा नोंदवला की पोलिसांना २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. मूल आणि पालक हो म्हणाले तर समिती आमच्यापैकी एकाला नेमते. मग जबाबापासून निकालापर्यंत सोबत राहायचं आणि दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा.

बाबा, माझ्या एम.एस.डब्ल्यू.चं काय लोणचं घालायचं असं विचारायचात ना, तीच पदवी कामी आली. या कामाला समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी मागतात. नाहीतर साधी पदवी आणि मुलांच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते, अर्ज तिथेच केला. पैसे शाळेपेक्षा कमी आहेत, लपवत नाही. पण कुशल कामगाराच्या किमान वेतनाखाली देता येत नाही, आणि एफडीला मी हात लावलेला नाही. डबा रोज नेते. रात्री उशीर झाला तर रिक्षाने येते, चालत नाही.

परवा एका मुलीला साक्षीच्या आदल्या दिवशी रिकामं कोर्ट दाखवायला नेलं. तिच्याबद्दल याहून जास्त सांगता येत नाही, विचारूही नका. न्यायाधीश कुठे बसतात ते दाखवलं. पडदा कुठे लागेल तेही दाखवलं, म्हणजे तो माणूस तिला दिसणार नाही. वकील तिला थेट प्रश्न विचारणार नाहीत, ते न्यायाधीशांकडे देतील आणि न्यायाधीश विचारतील, हे समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मधेच शू लागली तर?"

साक्षीत मधेमधे सुट्टी द्यायची, असं कायद्यातच आहे. पण मी कलम सांगत बसले नाही, संडास दाखवला. कडी लागत नव्हती. म्हटलं, मी बाहेरून दार धरून उभी राहते.

आई, आजोळच्या परसात तू धरायचीस तसंच. मी आतून दर दोन मिनिटांनी 'आहेस ना?' ओरडायचे आणि तू न कंटाळता 'आहे गं' म्हणायचीस. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्या दाराला पाठ टेकून उभी होते, तेव्हा तुझी फार आठवण आली.

कुमूच्या वेळचं मी काही काढत नाहीये. तेव्हा कुणालाच काही सुचलं नाही, आणि आत्याला सोडायला स्टॅन्डपर्यंत गेले ते बाबाच. मला ते माहीत आहे. एवढंच लिहिते.

आता न आवडणारं. मे महिनाभर येईन म्हटलं होतं, ते जमणार नाही. मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला होईल तितका वर्षाच्या आत संपवावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पुढे जातात. तारीख लागली आणि मी नसले, तर त्या पोरीला नवा चेहरा बघावा लागेल. चार दिवस नक्की येते. रागावलात तरी चालेल, पण फोन उचला.

बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. डबीत वारांची नावं लिहून ठेवली आहेत, तीच बघा. सिलिंडर स्वतः ओढू नका. शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली आहे, ती परत मागून आणू नका.

आणि आई, गुडघा पुरता बरा होईपर्यंत बाथरूमला आतून कडी लावायची नाही. लाज कसली त्यात? बाबा बाहेर खुर्ची टाकून बसतील. पेपर तिथेच वाचा म्हणावं.

तुमची,
बाळी