सेल्फ अधूनमधून न लागण्याच्या दोषाची तपासणी न करता भाग बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय: जुन्या पिकअप गाडीतील दोषाचे निदान न होता झालेली बिल आकारणी

महोदय,

माझी डिझेल पिकअप गाडी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीसाठी दिली होती. पहिल्याच भेटीत मी लक्षणे लिहून दिली होती. थंड असताना गाडी चावी फिरवताच सुरू होते, पण लांबच्या फेरीनंतर थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा चावी फिरवली की कधीकधी एकच ‘टक्’ असा आवाज येतो आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतच नाही. त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होत नाहीत, गाडी ढकलली तर इंजिन लगेच पकडते, आणि बॉनेटखालची उष्णता उतरली की सेल्फ पुन्हा नेहमीसारखा लागतो.

एवढ्या वर्णनावरूनच शोधाची दिशा ठरायला हवी होती. ढकलून इंजिन लागते, म्हणजे डिझेलच्या पुरवठ्यात दोष नाही. बॅटरी उतरलेली असती तर दिवे मंदावले असते आणि सोलेनॉइडने (सेल्फला बॅटरीचा प्रवाह जोडणाऱ्या चुंबकी स्विचने) एकाऐवजी सलग टकटक केली असती. तरीही आपण आधी बॅटरी बदलली, दोष कायम राहिल्यावर पूर्ण सेल्फ बदलला, आणि दोन्हींचे बिल लावले. नव्या सेल्फवरही तोच ‘टक्’ ऐकू आल्यावर गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारून पाहिला आणि जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारला. गरम झाल्यावरच दिसणारा दोष थंड गाडीत शोधणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखे आहे.

नवी बॅटरी आणि नवा सेल्फ असूनही दोष तसाच आहे, तेव्हा संशय या दोहोंमधल्या जोडण्यांवर जातो: बॅटरीची टर्मिनले, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी, इग्निशन स्विच, क्लच पेडलचा स्विच, रिले आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो, त्यामुळे जुन्या स्विचमधून आधीच कमी व्होल्टेज मिळणारे सोलेनॉइडचे वेटोळे गरम इंजिनाजवळ आणखी कमकुवत पडू शकते. अर्थिंगच्या पट्टीच्या टोकावर हिरवट थर मला स्वतःला दिसला. तो मी दाखवला, तेव्हा आपल्या कर्मचाऱ्याने मीटर ओहमवर लावून ‘कंटिन्युइटी आहे’, म्हणजे जोडणी अखंड आहे, असे सांगितले. तशी ती एकच तार शाबूत असली तरी दिसते, सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात.

त्यामुळे माझी मागणी अशी आहे की, गाडी आधी चालवून पूर्ण गरम करावी आणि दोष प्रत्यक्ष दिसत असताना, चावी सेल्फवर धरून, व्होल्टेज ड्रॉप (जोडणीत वाटेतच कमी होणारे व्होल्टेज) मोजावा. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत तो साधारण 0.2 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंग सदोष समजावे. मात्र ‘टक्’ होऊन सेल्फ जागचा हललाच नाही तर या मार्गाने मोठा प्रवाह वाहत नसण्याची शक्यता असते आणि आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवरचे आणि बॅटरीच्या खुंट्यांवरचे व्होल्टेजही त्याच क्षणी नोंदवावे. हे सर्व आकडे जॉबकार्डवर लिहून द्यावेत. ‘तपासले, ठीक आहे’ एवढा शेरा मला मान्य नाही.

काढलेली बॅटरी आणि सेल्फ मला परत मिळालेले नाहीत. ते आपल्याकडे असतील तर माझ्यासमोर बॅटरीची लोड टेस्ट करावी, सेल्फ बेंचवर फिरवून पाहावा, आणि जो भाग चांगला निघेल त्याची रक्कम मजुरीसह परत करावी. ते टाकून दिले असल्यास, ते सदोष असल्याचा पुरावाच उरलेला नाही, म्हणून दोन्हींची पूर्ण रक्कम परत मिळावी.

गाडी मालवाहतुकीची असल्याने आणताना ती चालवून गरम अवस्थेतच आणता येईल. त्यासाठी दुपारनंतरची वेळ आणि त्या वेळी मीटरसह उपलब्ध असणारा इलेक्ट्रिशियन यांची लेखी निश्चिती कळवावी. जॉबकार्ड आणि बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
वाहनमालक