हाडांची झीज आणि एक जनुक

संपादक महोदय,

हाडे ठिसूळ झाली की आपल्याकडे गाडी कॅल्शियमच्या गोळ्यांवरच थांबते. हाड मात्र रोज थोडे मोडते, रोज थोडे बांधले जाते. मोडणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या ऑस्टिओप्रोटेगेरिन या प्रथिनाचा शोध १९९७ मध्ये जाहीर झाला. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हाडे तर विरळ झालीच, शिवाय रोहिण्यांत कॅल्शियम साचले! माणसात ते निकामी असेल तर बालवयातच हाडे वाकवणारा दुर्मीळ पॅजेट रोग होतो.

याच साखळीतले, हाड मोडणाऱ्या पेशींना चेतवणारे ‘रँकल’ हे प्रथिन रोखणारे डेनोसुमॅब हे औषध २०१० पासून वापरात आहे. माझ्या आईला ते दर सहा महिन्यांनी टोचतात. मधेच बंद केले तर मणके मोडू शकतात, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. औषधाच्या चिठ्ठीवर एवढे मराठीत लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सांगली