गिरणीची जागा राहणाऱ्यांनाच का देत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सोलापूरचा. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो. उन्हाळ्यात तीन महिने जर्मनीला थोरल्या मुलीकडे राहून आलो आणि तिथं जे बघितलं ते सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहितोय. पत्र थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मुलगी राहते ट्युबिंगनला. नेकार नदीकाठचं जुनं गाव, युनिव्हर्सिटी १४७७ सालची, महायुद्धात फारशी पडझड झाली नाही त्यामुळे जुन्या गावातली लाकडी चौकटीची घरं अजून उभी आहेत. तिची कॉलनी लुस्टनाऊ भागात आहे, नाव 'आल्टे वेबेराय', म्हणजे जुनी विणकामाची गिरणी. जावई पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाबा, इथं टॉवेल विणायचे." एगेरिया नावाची टॉवेलची कंपनी होती, ती बंद पडली आणि त्या जागेवर ही वस्ती झाली. मी तिथंच थांबलो. टेरी टॉवेल म्हणजे आपल्या गावाची भाकरी, सोलापुरी टॉवेलला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं सरकारी मानांकन आहे, आणि सात समुद्रापलीकडे माझी नात टॉवेलच्या गिरणीच्या जागेवर सायकल शिकतेय! तिथल्या चौकाला आजही त्या कंपनीचंच नाव आहे.

ही वस्ती कुठल्या एका बिल्डरनं बांधलेली नाही. तिथली पद्धत अशी की जागा आधी नगरपालिका स्वतः विकत घेते, जमिनीत तेल-रसायनं मुरलेली असली तर साफ करून घेते, रस्ते-ड्रेनेज आखते आणि मग छोटे छोटे प्लॉट पाडते. प्लॉटचा भाव आधीच ठरलेला असतो, बोली नाही, लिलाव नाही. मग आठ-दहा, पंधरा-वीस कुटुंबं एकत्र येऊन गट करतात, त्याला 'बाउग्रुप्पे' म्हणतात, बांधणाऱ्यांचा गट. गटानं लिहून द्यायचं की आम्ही कोण, काय बांधणार, खाली दुकान का वर्कशॉप का पाळणाघर, म्हाताऱ्यांची सोय काय, आणि गावाला त्याचा उपयोग काय. ज्यांचा विचार चांगला त्यांना प्लॉट. जास्त पैसे देतो म्हणून कुणी पुढे जाऊ शकत नाही. प्लॉट काही महिने राखून ठेवतात, तेवढ्यात आर्किटेक्ट ठरवायचा, नकाशे करायचे, बँकेत जायचं. मधला बिल्डरचा नफा वाचतो, तेवढी घराची किंमत उतरते.

याची सुरुवात त्या गावात फ्रेंच फौजेमुळे झाली. युद्धानंतर तिथं फ्रेंचांची छावणी होती, १९९१ला ती उठली आणि गावाच्या दक्षिणेला बराकी, शेड, भिंती असं मोठं रिकामं मैदान उरलं. तेव्हा आंद्रेआस फेल्टकेलर नावाचे अधिकारी गावाच्या नूतनीकरण खात्याचे प्रमुख होते, त्यांनी धरून ठेवलं की राहणं आणि काम एकाच गल्लीत पाहिजे आणि प्लॉट लहान पाहिजेत. म्हणून त्या फ्रेंच क्वार्टरमध्ये प्रत्येक घराचा रंग वेगळा, उंची वेगळी, खाली सायकलवाला, सुतार, दवाखाना. सगळंच पाडलं नाही, काही बराकींत आज लोक राहतात, आणि रणगाडे ठेवायची शेड आहे ना, ती नुसती छप्पर ठेवून मोकळी केलीय, पाऊस असला की सगळी पोरं तिथं खेळायला. आमच्या वर्कशॉपची शेडच आठवली मला. गाड्या घराच्या दारात नाहीत, कडेच्या पार्किंगला लावून चालत यायचं, त्यामुळे रस्ता पोरांचा आहे.

मुलीच्या बिल्डिंगमध्ये चौदा घरं. मी तिच्या घरात राहिलोच नाही, कारण चौदा घरांत मिळून तळमजल्यावर पाहुण्यांची एक खोली आहे, संडास-बाथरूमसकट, वहीत तारीख लिहायची आणि राहायचं. शेजारी मोठी कॉमन रूम, मोठं स्वयंपाकघर, मागं अंगण, मधे कुठं कुंपण नाही. जिन्यात एक लहानशी लाकडी पाटी असते, 'केअरवोख' म्हणतात, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी त्यानं जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा, आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. आमच्या दाराला पाटी आली तेव्हा झाडू मीच घेतला. समोरच्या आजीबाई, वय ऐंशीच्या पुढं, दार उघडून बघत उभ्या, मग कोपऱ्याकडं बोट दाखवलं, तिथं राहिलं होतं! लहानपणी आमच्या चाळीत नळावरची पाळी अशीच ठरलेली असायची आणि एखादी काकू अशीच बोट दाखवायची. एक शब्द भाषा येत नसताना मला त्या बाईचं सगळं कळलं.

हे सोपं आहे असं नाही. मुलगी सांगते, दोन वर्षं दर आठवड्याला मीटिंग, जिन्याच्या रंगावरून तीन मीटिंगा, लिफ्टच्या खर्चावरून भांडण, दोन कुटुंबं मधेच सोडून गेली आणि नवीन शोधेपर्यंत सगळ्यांच्या झोपा उडालेल्या. आणि ज्याच्याकडे बँक कर्ज देईल एवढा पगार नाही त्याला गटात शिरणं कठीण, हा त्यातला मोठा दोष आहे, ट्युबिंगनमध्ये भाडीही भयंकर वाढलीयत. म्हणून आपल्याकडे करायचं तर निम्मी तरी घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी आधीच बाजूला काढायला हवीत, नाहीतर डॉक्टर-इंजिनिअर लोकांचीच कॉलनी होईल.

आता आपल्याकडे काय झालं? मुंबईत १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ला नियम बदलला, वाटा फक्त गिरणीच्या आवारात इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरता राहिला आणि २००६ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. २००५ला तर सरकारच्या मालकीच्या पाच गिरण्या, म्हणजे लोकांची जमीन, लिलावात जो जास्त देईल त्याला गेली. लिलाव म्हटल्यावर त्या जागेवर टॉवरच होणार, दुसरं काय परवडणार?

सोलापूरकरांना तर एकत्र येऊन घर बांधायचं कुणी शिकवायला नको. विडी कामगार बायकांनी सोसायटी करून कुंभारीला दहा हजार घरं उभी केली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं, २००६ला ती मिळाली. नंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ला दिल्या. जगात कुठं एवढ्या गरीब माणसांनी एवढं मोठं काम केलंय मला सांगा! पण ही सगळी घरं अक्कलकोट रोडला गावाबाहेर. कामाला, दवाखान्याला, शाळेला गावात यायचं तर रिक्षाचे पैसे मोजायचे. आणि गावाच्या मधोमध, किल्ल्यापासून, सिद्धेश्वर तलावापासून जवळ गिरण्यांच्या जागा होत्या, त्याच कामगारांच्या बापजाद्यांनी तिथं भोंग्यावर आयुष्य काढलं, त्या जागांच्या वाटपात त्यांना कुणी विचारलं नाही. एकत्र येणाऱ्याला जमीन गावाबाहेर आणि बोली लावणाऱ्याला गावात, हे मला पटत नाही.

वडील घरी आले की अंगाला खळीचा वास यायचा, कपड्यात कापसाचे तंतू, आई दारातच झटकायची. डाइंगचं रंगीत पाणी जमिनीत किती मुरलं असेल याची तपासणी न करताच वर बांधकाम होतं, हे पण बघायला हवं. माती तपासा, साफ करा, तो खर्च जमिनीच्या भावात धरा. चिमणी, एखादी शेड, गेट राहू द्या.

महापालिकेला माझी मागणी एवढीच आहे की सरकारी किंवा पालिकेच्या ताब्यातली गावातली एक बंद जागा घ्या, एक एकर का असेना, भाव ठरवून लहान प्लॉट पाडा आणि ज्यांना तिथं स्वतः राहायचंय अशा सोसायट्यांकडून अर्ज मागवा. यंत्रमागवाले, विडीवाल्या बायका, रिटायर माणसं, नर्सेस, सगळ्यांचे मिश्र गट होतील. दर रविवारी मीटिंग घ्यायला आमच्या घराची गच्ची मोकळी आहे, चहा आमच्याकडे, सतरंजी मी टाकतो.

आपला,
एका गिरणी कामगाराचा मुलगा, सोलापूर