आप्पा, जाहीर आभार मानतोय, रागवू नका

आदरणीय आप्पा,
सा. न.

तुम्ही फी घेतली नाही. पेढ्याचा पुडा आणला तर तोही गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आणखी एक कारण आहे. असलं समन्स उद्या आपल्या जळगाव-धुळ्यात कुणाच्याही दारात येऊ शकतं, आणि प्रत्येकाच्या गल्लीत तुमच्यासारखा कोर्टातला निवृत्त नाझर (कार्यालयीन अधिकारी) राहत नाही.

समन्स मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं होतं. मी सामनेवाला क्रमांक 1, माझी विमा कंपनी क्रमांक 2. शिरपूरच्या अलीकडे महामार्गावर माझ्या गाडीने एका मोटारसायकलवाल्या पोराला उडवलं, त्याचा पाय मोडला आणि मी पळून गेलो, असं त्यात लिहिलेलं. घरात रडारड. मित्र म्हणाले, "विमा आहे ना? कंपनी भरेल. तू कशाला डोकं लावतो भो!"

तुम्ही एकच विचारलंत : त्या तारखेला गाडी कुठे होती? गाडी जळगावला गॅरेजमध्ये होती, क्लच प्लेटच्या कामाला. चहा तसाच ठेवून तुम्ही मला गॅरेजवर पाठवलंत. "कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जातं, जॉबकार्डाची, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीची, कार्बन कॉपी मात्र असते," म्हणालात. चित्रण खरोखरच पुसलं गेलं होतं. पण जॉबकार्ड सापडलं. ग्रीसचे डाग पडलेलं, एक कोपरा फाटलेला. त्यावर गाडी आत घेतल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा. गेटपासवर बाहेर पडतानाचा आकडा. दोन्हींतला फरक ट्रायलच्या एका चकरेएवढा. चोपड्याच्या वाटेने गेलं तरी शिरपूर एकेरी शंभराच्या आसपास. मॅनेजरकडून सही-शिक्क्याची प्रत घेतली आणि फास्टॅगचं स्टेटमेंट जोडलं. त्या दिवशी कुठल्याच टोलनाक्यावर नोंद नव्हती.

मग तुम्ही पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचून दाखवलीत. कोर्टाचा कुठलाही कागद आला की तो लगेच कंपनीला कळवायचा. आणि कंपनीच्या संमतीशिवाय कबुली, आश्वासन, पैसे यातलं काहीच कुणाला द्यायचं नाही. हे तेव्हाच कळलं ते बरं झालं. कारण दुसऱ्याच आठवड्यात एका गोडबोल्याचा फोन आला : "साहेब, फक्त हो म्हणा, पैसे तर कंपनीचेच जाणार." तुम्ही शेजारी बसून बोटाने 'नाही, नाही' करत होतात.

मित्रांच्या सल्ल्यात भोक कुठे होतं तेही तुम्हीच दाखवलंत. मी हजर झालो नाही तर माझ्यापुरतं प्रकरण एकतर्फी चालणार. कंपनीला सगळ्या मुद्द्यांवर लढायचं तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 170 खाली वेगळी परवानगी काढावी लागणार. लायसनची मुदत संपलेली निघाली असती तर कंपनीने भरलेले पैसे माझ्याकडूनच वसूल करण्याचा हुकूम होऊ शकला असता. आणि विमा भरपाईचा असतो. पळून गेल्याच्या फौजदारी गुन्ह्यात आरोपी मीच, तिथे कंपनी माझ्या जागी उभी राहत नाही.

खरी गाठ सुटली ती पोलीस आणि दवाखान्याच्या कागदांच्या नकलांमुळे. मूळ फिर्यादीत 'अज्ञात पांढरी कार' होती. दवाखान्याच्या एमएलसीतही (पोलीस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय नोंदीतही) अज्ञात वाहनच. माझा नंबर उगवला तो बऱ्याच दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात. आमच्या वकिलांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कैफियत, म्हणजे दाव्याचं लेखी उत्तर, लिहिली. कंपनीने तपासनीस नेमला, त्यानेही तोच धागा धरला.

असा दुसऱ्याच्या गाडीचा नंबर कुणी कशाला घुसडतं, ते तुमच्याकडूनच कळलं. पळून गेलेली गाडी सापडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम 161 खालच्या योजनेत, 1 एप्रिल 2022 पासूनच्या दराने, मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. गाडीचा नंबर आणि चालू विमा मिळाला की दाव्याला अशी ठरावीक रक्कम राहत नाही. विमा कुठवर चालू आहे ते मोबाइलवर नंबर टाकून बघता येतं. मग एखादा दलाल पांढरी गाडी शोधतो, बस्स.

मी त्या पोराच्या बापाला शिव्या घालत होतो. तुम्ही म्हणालात, "पाय खरा मोडलाय ना? मग थांब." दोन्ही वकिलांना सांगून तुम्ही त्याच्या गावी गेलात, मलाही नेलंत. पोराच्या पायात सळ्या होत्या, भिंतीला टेकून बसलेला. बाप मजूर माणूस. तुम्ही विचारलंत, गाडीचा नंबर पाहिला कुणी? तो म्हणाला, "नंबर त्या भाऊंनी चिठ्ठीवर लिहून दिला. आम्ही अंगठा केला." परतताना चोपड्यापर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

दावा त्यांनी काढून घेतला. जॉबकार्ड आणि कंपनीचा अहवाल जोडून पोलीस अधीक्षकांकडे केलेल्या अर्जावर फौजदारी बाजूही निवळली. त्या 'भाऊं'वर गुन्हा दाखल व्हावा म्हणून कंपनीने तक्रार दिलीय. त्यात मी साक्षीला उभा राहणार आहे. घरचे नको म्हणतात तरी.

आणि तुम्ही? माझं काम संपल्यावरही त्या पोरासाठी अज्ञात वाहनाच्या योजनेचा अर्ज स्वतः लिहून तहसीलमार्फत टाकलात. मला हे परवा त्याच्या बापाकडून कळलं, तुम्ही अक्षरानेही बोलला नाहीत. तहसीलदारांनी चौकशीला बोलावलं की मला कळवा. बापलेकाला गावाहून घेऊन यायला माझीच गाडी येईल. क्लच आता ठीक आहे.

तुमचा,
सामनेवाला क्रमांक 1